भट्टीचें अस्तर आणि त्याला धरून ठेवणारे अँकर

पत्र्याच्या बादलीची शेगडी ज्या घरांत वापरली गेली आहे, तेथील गृहिणीला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाहीं. बादलीच्या आंत थापलेली माती पहिले चार दिवस घट्ट बसलेली दिसते. पुढें तिला भेगा पडतात, आणि एके दिवशीं कोळसे ढवळतांना तिचा एक पोपडा सुटून राखेंत पडतो. माती वाईट होती असें नव्हे. लोखंडाचा पत्रा आणि माती यांचा स्वभावच निराळा. तापतांच दोन्ही आपापल्या मापानें वाढतात, निवतांच आपापल्या मापानें आखडतात, आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणारें तिसरें कोणी मध्यें नसतें. कोंकणांतील कुडाच्या भिंतीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें कारवीच्या काठ्यांचा कूड मातीला आंतून धरून ठेवतो. भिंतीला भेगा गेल्या तरी माती जागची हालत नाहीं. मोठ्या कारखान्यांच्या भट्ट्यांत जें साधावयाचें असतें तें हेंच: शेगडीच्या पत्र्यावर कुडाची भिंत उभी करावयाची.

भट्टी म्हटली म्हणजे विटांचें बांधकाम डोळ्यांसमोर येतें, आणि पुष्कळ ठिकाणीं तें आजहि खरें आहे. वीट विटेवर बसते, कमानीची वीट शेजारणीला रेटून राहते. तिला तोलण्याचें काम तिच्याच भावंडांकडून होतें. परंतु जेथें आकार वेडावांकडा आहे, नळ्या एकमेकींस मिळतात, छत सपाट किंवा तिरपें आहे, तेथें विटेचा इलाज चालत नाहीं. अशा जागीं आगीला दाद न देणारा मसाला पाण्यांत कालवून काँक्रीटप्रमाणें ओततात. कारखान्यांत त्याला कास्टेबल म्हणतात. त्याला बांधून ठेवणारें द्रव्य म्हणजे चुना व ॲल्युमिना यांपासून केलेलें एक निराळें सिमेंट. ज्यूल बिए या फ्रेंच रसायनज्ञाच्या संशोधनावरून १९०८ सालीं त्याचें पेटंट घेण्यांत आलें, तें मूळ समुद्राच्या व गंधकी क्षारांच्या पाण्यांत न विरघळणारें काँक्रीट मिळावें या हेतूनें. भट्टीला त्याचा केवढा उपयोग आहे हें पुढें ध्यानांत आलें.

कास्टेबलचें हें अस्तर बाहेरच्या पोलादी कवचाला आपण होऊन चिकटून राहत नाहीं. त्यासाठीं कवचाच्या आंतल्या बाजूस धातूचे आंकडे वेल्ड करून घेतात व मग त्यांच्यावर कास्टेबल ओततात. या आंकड्यांना अँकर म्हणतात. बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक सळईचे, इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणें दोन पाय फांकलेले, असे ते बहुधा असतात. कांहींचे पाय नागमोडी केलेले असतात, कांहींना खालीं एक दांडी असते व ते वाय अक्षरासारखे दिसतात. जेथें धूळ व वाळू यांचें घर्षण फार आणि अस्तर पातळ, तेथें मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी पट्ट्यांची जाळी कवचावर बसवितात.

अँकर म्हणजे घराच्या स्लॅबमधील सळईच असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. स्लॅबची सळई काँक्रीटला तडा जाऊं नये म्हणून ताण घेते. भट्टीच्या अस्तराला तडे जाणारच आहेत. पहिल्याच तापण्यांत तें थोडें कायमचें आखडतें आणि त्याचे लहानमोठे तुकडे होतात. प्रत्येक तुकडा आपल्या जागीं राहावा एवढेंच अँकरचें काम. त्याच्यावर पडणारें वजनहि दिसतें तेवढें मोठें नसतें. दीडशें मिलिमीटर जाडीच्या भरीव कास्टेबलचा एक चौरस मीटर तुकडा सुमारें ३३० किलो भरतो. छतांत २०० मिलिमीटर अंतरावर अँकर लावले तर तेवढ्या जागेंत २५ अँकर येतात, म्हणजे एकेकाच्या वांट्याला तेरा किलो. आठ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस पोलादाची सळई थंड असतांना एक टन वजनानेंहि कायमची लांबत नाहीं. तेव्हां हिशेब पाहिला तर छत कधीं पडूंच नये. तरीहि छतें पडतात. कारण तीच सळई लाल तापली म्हणजे तिच्या ताकदीचा लहानसा अंशच उरतो, आणि तोहि ती धातु तेथें शिल्लक राहिली असेल तर.

अस्तर पडणें म्हणजे काय याची कल्पना येण्यास सिमेंटच्या कारखान्याचें उदाहरण घ्यावें. महाराष्ट्रांत चंद्रपूर जिल्ह्यांत चुनखडीच्या आधारावर असे कारखाने उभे आहेत. त्यांच्या फिरत्या भट्टीच्या मागें एक उंच मनोरा दिसतो, तो प्रीहीटर. त्यांत सायक्लोन नांवाचीं नरसाळ्याच्या आकाराचीं पात्रें एकावर एक बसविलेलीं असतात. भट्टीचा तप्त वायु खालून वर चढतो, चुनखडीचें व मातीचें पीठ वरून खालीं उतरतें, आणि वाटेंत तें तापत जातें. सर्वांत वरच्या पात्रांत वायु तीन-साडेतीनशें अंश सेल्सिअसचा असतो, सर्वांत खालच्यांत साडेआठशें ते नऊशेंचा, आणि भट्टीच्या तोंडाशीं हजारावर. या पात्रांच्या छतांतून किंवा तिरप्या बाजूंवरून कास्टेबलचा मोठा तुकडा निसटला, तर तो नरसाळ्याच्या अरुंद नळींत अडकतो. वरून पीठ येतच असतें. थोड्या वेळांत पात्र तापलेल्या पिठानें भरून जातें. हें पीठ मातीच्या ढिगासारखें स्वस्थ बसत नाहीं; त्यांत हवा कोंडलेली असल्यानें तें पाण्यासारखें वाहतें. अडकलेलें पात्र मोकळें करावयास माणसें दारें उघडून लांब सळयांनीं खोंचूं लागतात, आणि अडथळा एकाएकीं सुटला म्हणजे आठशें अंशांचें तें पीठ दारांतून बाहेर येतें. सिमेंटच्या धंद्यांत सर्वांत धास्तीचें काम कोणतें असें जुन्या कामगारास विचारलें तर तो बहुधा हेंच सांगेल. पीठ अडकण्यास दुसरींहि कारणें असतात. क्षारांचे थर भिंतींवर जमतात व तेहि सुटून पडतात. परंतु अस्तराचा तुकडा हें त्यांतील एक टाळतां येण्याजोगें कारण आहे.

आतां धातूची निवड. साधें पोलाद सुमारें ५०० अंशांच्या पुढें उपयोगाचें नाहीं. त्याच्यावर गंजाचे पापुद्रे धरतात व ते गळून पडत सळई झिजत जाते. म्हणून क्रोमियम घातलेलें पोलाद घ्यावें लागतें. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनीं १९१३ सालीं क्रोमियमचें पोलाद केलें तें बंदुकीच्या नळ्या झिजूं नयेत याच्या शोधांत असतांना, आणि त्याचा पहिला लौकिक झाला तो सुऱ्या-कांट्यांत. क्रोमियमच्या अंगीं असा गुण आहे कीं, हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन पोलादावर एक अति पातळ व चिवट पापुद्रा धरतो आणि तो खालच्या धातूचें रक्षण करतो. ३०४ या क्रमांकानें ओळखलें जाणारें पोलाद म्हणजे सामान्यतः स्वयंपाकघरांतील चांगलें स्टेनलेस. त्यांत शेंकडा १८ क्रोमियम व ८ निकेल. अँकरसाठीं तें आठशें-साडेआठशें अंशांपर्यंत चालतें. ३०९ क्रमांकाचें पोलाद साडेनऊशें ते हजारापर्यंत, आणि ज्यांत शेंकडा २५ क्रोमियम व २० निकेल आहे तें ३१० क्रमांकाचें सुमारें अकराशेंपर्यंत. त्याहीपुढें, बाराशेंच्या आसपास, निकेल हाच मुख्य घटक असलेले मिश्र धातु वापरतात. त्यांची किंमत फार. निरनिराळे उत्पादक हे आंकडे थोडेफार मागेंपुढें देतात. बाराशेंच्या वर धातूनें टिकाव धरावा ही अपेक्षाच सोडून द्यावी लागते. तेथें भाजलेल्या ॲल्युमिनाच्या लांब विटा अँकर म्हणून घालतात आणि त्यांना मागें, थंड जागीं, धातूच्या आंकड्यांनीं टांगतात.

येथें ज्या चुकीमुळें पुष्कळ अस्तरें फुकट गेलीं आहेत ती सांगितली पाहिजे. अँकर निवडतांना भट्टीचें तापमान पाहून चालत नाहीं, कवचाचें पाहून तर मुळींच चालत नाहीं. अँकरच्या टोंकाचें तापमान पाहावें लागतें. तें टोंक कोठें आहे व त्याच्या मागें काय आहे यावर तें अवलंबून असतें. समजा, अस्तर २०० मिलिमीटर जाड आहे, सर्व भरीव कास्टेबलचें आहे, त्याचा आगीकडील पृष्ठभाग १००० अंशांवर आहे व अँकरचें टोंक त्या पृष्ठभागापासून २५ मिलिमीटर आंत आहे. कवच सुमारें २८० अंशांवर राहील. तापमान आगीपासून कवचापर्यंत सारख्या उतारानें उतरतें. म्हणून टोंकाशीं तें सुमारें ९१० अंश भरेल, आणि १२५ मिलिमीटर आंत गेल्यावर ५५० वर येईल.

आतां इंधन वांचावें म्हणून व्यवस्थापक मागच्या ७५ मिलिमीटरांत भरीव कास्टेबलऐवजीं उष्णतारोधक हलका थर घालतात. या थरांतून उष्णता भरीव थराच्या मानानें सातव्या-आठव्या हिश्शानेंच जाते. कवच दीडशें अंशांवर येतें, पाहणारांना मोठें समाधान वाटतें, आणि कोळशाचा खर्च खरोखरच उतरतो. पण तापमानाचा जवळजवळ सगळा उतार आतां मागच्या हलक्या थरांत गेलेला असतो. पुढचा भरीव थर आरपार तापतो. अँकरचें टोंक ९१० वरून ९७० वर जातें, आणि जेथें पूर्वीं ५५० अंश होते तेथें साडेआठशेंच्या जवळपास होतात. म्हणजे कवच थंड झालें तें अँकरला गरम करून! जुन्या नकाशावरून, जुन्याच धातूचे अँकर मागवून, त्यांच्या मागें नवा हलका थर घालणें हें दिसण्यांत काटकसरीचें असलें तरी त्याची किंमत वर्षभरानें द्यावी लागते. अशा ठिकाणीं ३०४ चा विचारच करूं नये, आणि ३०९ हि आपल्या मर्यादेला टेकलेलें असतें, ३१० घ्यावें.

एवढ्यावरून महाग धातु तो चांगला असा नियम करूं नये. भट्टींतील वायूंत गंधक असून प्राणवायु कमी असेल, तर निकेल व गंधक यांचा संयोग होऊन सुमारें ६४० अंशांवरच वितळणारें मिश्रण तयार होतें. तेथें अधिक निकेलचा, अधिक किंमतीचा अँकर आधीं खाल्ला जातो. सिमेंटच्या प्रीहीटरमध्यें सोडियम-पोटॅशियमचे क्लोरिन व गंधक यांशीं झालेले क्षार वाफेच्या रूपानें कास्टेबलच्या छिद्रांतून मागें झिरपतात, थंड जागीं घट्ट होतात व अँकरचा रक्षक पापुद्रा खातात. म्हणून तेथें धातूइतकाच कास्टेबलच्या घट्टपणाचा विचार करावा लागतो. ३१० पोलादाचा आणखी एक दोष आहे. तें ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान महिनोगणती राहिलें तर त्याच्या अंगांत एक ठिसूळ घटक तयार होतो. तापलेलें असेपर्यंत याचा विशेष त्रास होत नाहीं. भट्टी थंड झाली म्हणजे मात्र तो अँकर कांचेसारखा होतो.

अँकरची उंची व अंतर यांविषयीं थोडक्यांत इतकें कीं, टोंक आगीकडील पृष्ठभागापासून साधारण २० ते ३० मिलिमीटर आंत राहावें. अधिक बाहेर आलें तर जळतें. फार आंत राहिलें तर त्याच्या पुढचा थर मोकळाच राहतो व पोपड्यासारखा सुटतो. सर्व टोंकें एकाच उंचीवर आलीं तर अस्तरांत त्या पातळीवर एक दुबळी रेघ तयार होते; म्हणून एकाआड एक अँकर थोडा आंखूड घेतात. त्याच कारणानें शेजारचे अँकर एकमेकांशीं काटकोनांत फिरवून लावतात. भिंतींत अंतर २०० ते ३०० मिलिमीटर पुरतें. छतांत १५० ते २२५ ठेवावें. दारांच्या कडा, कोपरे, नळीचीं तोंडें या ठिकाणीं आणखी दाट, कारण अस्तर सुटावयास सुरुवात कडेपासूनच होते.

यानंतरची गोष्ट इतकी लहान आहे कीं, ती गाळली जाण्याचा संभव फार. स्टेनलेस पोलाद तापल्यावर कास्टेबलच्या जवळजवळ तिप्पट वाढतें. दीडशें मिलिमीटर लांबीचा पाय सरासरी ८०० अंशांनीं तापला तर तो दोन मिलिमीटरांहून किंचित् अधिक वाढेल. शेजारचें कास्टेबल पाऊण मिलिमीटरहि वाढणार नाहीं. या सव्वा-दीड मिलिमीटरांना जागा ठेवली नाहीं, तर अँकर ती स्वतःच करून घेतो आणि ज्या अस्तराला धरावयाचें त्यालाच पाचरीप्रमाणें फोडतो. उपाय अगदीं साधा आहे. ओतण्यापूर्वीं टोंकांवर प्लास्टिकच्या लहान टोप्या घालतात व पायांना मेणाचा किंवा डांबराचा पातळ हात देतात. पहिल्या तापण्यांत तें सर्व जळून जातें, आणि मागें हवी तेवढी पोकळी राहते. टोपी काय ती चार पैशांची! पण घाईच्या दिवसांत टोप्यांचें खोकें गुदामांतच राहून गेलें असें पुष्कळ कारखान्यांत घडतें.

वेल्डिंगच्या आधीं कवचाचा पत्रा गंज, रंग व तेल यांपासून मोकळा करून खडूच्या दोरीनें चौकटी आंखतात. स्टेनलेसचा अँकर साध्या पोलादावर जोडतांना दोन्ही धातु सांध्यांत मिसळतात, व मिश्रण पातळ झालें तर सांधा ठिसूळ होतो. म्हणून ३०९ जातीचा, अधिक क्रोमियम-निकेलचा इलेक्ट्रोड वापरावा, आणि तो कोरडा असावा. सांधा अँकरच्या दोन्ही बाजूंनीं पूर्ण भरावा. दोन ठिपके देऊन पुढें सरकणारा वेल्डर दिवसाकाठीं दुप्पट अँकर लावतो, आणि मुकादमाच्या वहींत तोच हुशार ठरतो. त्याचें काम ओतण्यानंतर कोणासहि दिसणार नसतें.

तपासणीची वेळ याच्या आधीं, एवढीच एक असते. अनुभवी तपासनीस हातोडी घेऊन अँकरवर ठोका देत जातो. चांगला सांधा घंटेसारखा वाजतो; अपुरा सांधा बोदा आवाज देतो. कांहीं अँकर नमुन्यादाखल ठोकून सुमारें पंधरा अंशांनीं वांकविले जातात. सांध्याला तडा गेला तर त्या वेल्डरनें लावलेली सगळी ओळ पुन्हां पाहावी लागते. हें करण्यास वेळ लागतो आणि कारखाना बंद असतो, तेव्हां वरून तगादाहि असतो. परंतु या ठोक्याच्या ऐवजीं दुसरें कांहींहि चालत नाहीं.

धातूची ओळख पटविणें याहून कठीण आहे. ३०४ व ३१० शेजारीं ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात. लोहचुंबकानें साधें पोलाद ओळखतां येतें. स्टेनलेसच्या या दोन जाती सरळ सळईच्या रूपांत चुंबकाला दाद देत नाहींत. मात्र ३०४ ची सळई थंड स्थितींत वांकविली असेल तर वांकाच्या जागीं ती चुंबकाला किंचित् ओढ देते, ३१० देत नाहीं. ही युक्ति संशय घेण्यापुरती आहे, निर्णयासाठीं नव्हे. निर्णयासाठीं प्रत्येक अँकरवर जातीचा क्रमांक ठसविलेला असावा, आणि शंका आल्यास क्ष-किरणांनीं धातूचे घटक सांगणारें हातांतील यंत्र वापरावें. दोन जातींचे अँकर एकाच पोत्यांत भरून वर चढविले कीं मग कोणता कोठें लागला हें ब्रह्मदेवहि सांगूं शकणार नाहीं.

ओतण्याविषयीं येथें विस्तार नको. पाणी ठरल्यापेक्षां जास्त घालूं नये, अँकरच्या पायांमध्यें मसाला नीट शिरेपर्यंत तो हालवावा, एक दिवस ओला ठेवावा, आणि पहिल्यांदा तापवितांना सावकाश चढावें. नाहींतर आंतल्या पाण्याची वाफ कोंडून अस्तर स्फोटासारखें उडतें, आणि त्याला कोणताहि अँकर धरूं शकत नाहीं.

पुढच्या दुरुस्तीच्या वेळीं जुनें अस्तर फोडलें म्हणजे मागें जुने अँकर उभे दिसतात. कांहींचीं टोंकें पेन्सिलीसारखीं निमुळतीं झालेलीं असतात. ते कापून टाकावे हें कोणासहि समजतें. परंतु कांहीं काळसर पडले तरी जाडीनें पूर्ण असतात, सरळ असतात, सांधेहि शाबूत असतात. नव्या अँकरचे पैसे व दोन दिवसांचें वेल्डिंग वांचेल म्हणून त्यांच्यावरच पुन्हां ओतण्याचा मोह तेथें होतो. अशा अँकरला हातोडीचा एक बेताचा ठोका द्यावा. नवा अँकर वांकतो. दोन वर्षें तापलेला ३१० चा अँकर पुष्कळदां टक् असा आवाज करून मध्येंच मोडतो, आणि मोडलेल्या जागीं साखरेच्या खड्यासारखे चमकदार कण दिसतात. तसें दिसलें कीं त्या भागांतले उरलेले सर्व कापून काढावे व पत्रा घांसून नव्यानें चौकटी आंखाव्या.